कौतुकाला साहेब का कचरतात? आणि नुसत्या कौतुकाने का भागत नाही?

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर पेढ्यांचा पुडा. एसटीच्या डेपोत, छापखान्यात, गॅरेजमध्ये हेच दृश्य असते. आयटी कंपन्यांत लॅपटॉपलाही फूल वाहिले जाते. पद्धत सुंदरच आहे. पण ते यंत्र बारा महिने चालवणाऱ्या माणसाला, ‘काल बेअरिंगचा आवाज तू वेळेत ओळखलास म्हणून शिफ्ट वाचली’ असे सांगणारा साहेब मात्र शोधावा लागतो.

आपल्याकडे चूक काढली नाही, म्हणजे काम चांगले झाले असे समजायचे असते. कौतुक न करण्याची कारणेही ठरलेली आहेत: शेफारतात, डोक्यावर बसतात, उद्या पगारवाढ मागतील. आणि सर्वांत वजनदार कारण म्हणजे ‘कामाचे पैसे देतोच ना?’

पैसे देतो, मग आभार कशाला?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५० च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांना विचारले होते, की नोकरीत सर्वांत बरे कधी वाटले आणि सर्वांत वाईट कधी? पगार, कंपनीची धोरणे, वरिष्ठांची वागणूक यांचा उल्लेख मुख्यत्वे नाराजीच्या आठवणींत आला. समाधानाच्या आठवणींत पुढे होते ते हातून झालेले काम आणि त्या कामाची कोणी तरी घेतलेली दखल. हर्झबर्ग यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, पण पगार आणि दखल ही दोन वेगळी खाती आहेत, हे त्यांचे म्हणणे टिकून राहिले. एका खात्यात भरणा केला म्हणून दुसऱ्यातली थकबाकी फिटत नाही.

युरोपातील काही अर्थतज्ज्ञांनी केलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर याहून मजेशीर आहे. तीनशेहून अधिक जणांना तीन तासांच्या डेटा एंट्रीच्या कामावर घेतले. काही गटांत, आधी कसलीही कल्पना न देता, मध्येच आभाराचे साधे कार्ड दिले गेले. सोबत पैसे नाहीत, भेटवस्तू नाही. काम वाढले. सर्वाधिक वाढ दिसली ती जिथे गटातल्या तिघा उत्तम काम करणाऱ्यांना कार्ड मिळाले तिथे, आणि ती वाढ प्रामुख्याने ज्यांना कार्ड मिळाले नव्हते त्यांच्या कामातली होती! इथे काम पाहिले जाते, चांगले कशाला म्हणतात हे साहेबाला कळते, एवढे बाकीच्यांना समजले होते. शेफारण्याची भीती बाळगणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा.

मग अडते कुठे?

बहुतेकदा तोंड उघडण्यापाशी. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये आभाराची पत्रे लिहिणाऱ्यांचा आणि ती मिळालेल्यांचा अभ्यास मांडला. लिहिणाऱ्यांना वाटत होते, समोरचा अवघडेल. प्रत्यक्षात पत्र मिळालेले लोक त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक सुखावले होते आणि अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी निघाले. लिहिणारे आपले शब्द नीट जमतील का या काळजीत होते. वाचणाऱ्यांना त्यातला जिव्हाळा भिडला होता.

मराठीत ही अडचण थोडी जास्तच आहे. आपल्या माणसाचे आभार मानले तर तो परका झाल्यासारखे वाटते. ‘धन्यवाद’ म्हटले की कार्यक्रमाच्या शेवटचे आभारप्रदर्शन आठवते. मग तो शब्द वापरूच नये. ‘बरं झालं तू होतास’, ‘हे तुम्हालाच सुचू शकतं’, ‘मानलं बुवा’ ही आपली आभाराची भाषा आहे आणि ती जेवणाच्या डब्यावर, चहाच्या टपरीवर रोज बोलली जाते. साहेबाच्या केबिनमध्येच ती बिचकते.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘ग्रेट जॉब टीम’ असे टाकून पुढे जाणे हा त्यावरचा सोपा उपाय झाला आहे. त्याचा उपयोग जवळपास शून्य. रात्री अकरापर्यंत थांबून जीएसटीचा ताळा जुळवणाऱ्या मुलीलाही तोच संदेश आणि त्या आठवड्यात रजेवर असलेल्यालाही तोच! कौतुकात नाव हवे, नेमके काम हवे आणि ते काम आठवणीत ताजे असताना ते व्हायला हवे. वरिष्ठांच्या बैठकीत ‘ही मांडणी माझी नाही, हिची आहे’ एवढे एक वाक्य तिच्या देखत बोलणे कोणत्याही स्मृतिचिन्हापेक्षा मोठे असते. तेच वाक्य गिळणारे साहेब वर्षअखेरीस ट्रॉफी वाटायला पुढे असतात, तो भाग वेगळा.

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार आहे, मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा अमेरिकी कर्मचारी कौतुक दिनही काही कंपन्यांत पोहोचला आहे. असू द्यावेत. पण कंत्राटी सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या मावशी आणि कँटीनमधली पोरे यांची नावे त्या याद्यांत सहसा नसतात, कारण ती कंपनीच्या पगारपत्रकावरच नसतात. दिवाळीचा मिठाईचा डबाही कित्येकदा त्यांना ओलांडून जातो.

कौतुक पगाराच्या जागी बसले तर?

इथे सावध राहायला हवे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरणीमालकांनी काही वर्षे बोनस दिला आणि मग तो बंद केला. १९२४ च्या जानेवारीत त्यावरून मोठा संप झाला. मालकांचे म्हणणे होते, बोनस ही आमची खुशी आहे. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीनेही कामगारांचा त्यावर हक्क पोहोचत नाही, असाच कौल दिला. खुशी म्हणून दिलेले खुशीने काढूनही घेता येते, हा धडा गिरणगावाने तेव्हा घेतला. बोनसचा कायदा व्हायला १९६५ साल उजाडले. कमाल २० टक्क्यांची मर्यादा त्यातूनच आली आणि किमान ८.३३ टक्क्यांची त्यातल्या पुढच्या दुरुस्तीतून. म्हणून दिवाळीत बोनस दिला की ‘आम्ही माणसांची कदर करतो’ असे सांगणाऱ्या मालकाला नम्रपणे सांगायला हवे, की हक्काचा बोनस ही कदर नव्हे, देणे आहे.

आशा सेविकांबाबत तर हे डोळ्यांदेखत घडले. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी देशाने थाळ्या वाजवल्या. ‘कोविड योद्धा’ म्हणून गौरव झाला. घरोघरी फिरून ताप-ऑक्सिजन मोजण्याच्या त्या कामासाठी केंद्राकडून मिळणारा जादा भत्ता होता महिन्याला १००० रुपये. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक पातळीवरचा सन्मान दिला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशा पुन्हा संपावर होत्या. वाढीव मोबदल्यासाठी २०२४ च्या सुरुवातीला त्या आझाद मैदानात बसल्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी हा मोबदला वाढवू शकत नाही. पण महिनाअखेरीच्या बैठकीत, रात्री बाळंतिणीला घेऊन आलेल्या आशाताईचे नाव घेऊन तो सगळ्यांना ते सांगू शकतो. आणि तिच्या मोबदल्याचा दावा त्याच दिवशी तपासून तालुक्याला पाठवू शकतो.