सगळ्यात हळू चालणारा पुढे

परवा भाचीचा फोन आला, "मावशी, यंदा पुन्हा जाणार आहेस की काय पावनखिंडीला?" आवाजात काळजी कमी, दटावणीच जास्त! जुलै २०२३ मध्ये मी पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला गेले आणि पहिल्याच दिवशी परत आले, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. "वय झालं" हे कारणही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला ते मान्य नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाट सुमारे ५० किलोमीटरची, बहुतेक ग्रुप ती दोन दिवसांत चालतात. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून महाराज याच बाजूने विशाळगडाकडे गेले. निघताना बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी आमच्या म्होरक्याने छान भाषण केलं. मागे राहून खिंड अडवणाऱ्यांबद्दल बोलताना त्याचा आवाज भरून आला. माझेही डोळे पाणावले.

पुसाटी बुरुजाकडून उतरलो, म्हाळुंगे मागे पडलं आणि मसाई पठाराचा चढ लागला. पुढची पोरं टप्पा संपला की थांबायची. पाणी, चिक्की, फोटो. दहा मिनिटांनी मी धापा टाकत पोचले की म्होरक्या टाळी वाजवायचा, "चला, आले सगळे!" म्हणजे ज्यांना दम लागला नव्हता त्यांना दहा मिनिटं विश्रांती, आणि जिला लागला होता तिला शून्य! तिसऱ्या वेळी तर मी पाण्याची बाटलीही काढली नाही. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको, ही आम्हा बायकांची जुनी खोड. "थांबा, मला बसायचंय" असं ठणकावून सांगायला हवं होतं, तेवढी चूक माझी.

वर गेलो तर दाट धुकं. जांभ्या दगडाचं ते लांबच लांब सपाट पठार, खुणेला काही दिसेना, पायवाटा मात्र चारी दिशांना. पुढच्यांचे आवाज येत होते तेही हळूहळू बंद झाले. हाका मारल्या, कुणी ओ देईना. शेवटी एका गुराख्याने मला पाहिलं आणि ग्रुपपर्यंत पोचवलं. मी मागे राहिलेय हे तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं! पाय अजून चालत होते, पण त्या मंडळींबरोबर पुढे जायचा धीर होईना. त्याच गुराख्याबरोबर खाली उतरले.

शाळेच्या सहलींत आम्ही काय करायचो? हळू चालणारी पोरं रांगेत पुढे, एक शिक्षक सगळ्यांच्या मागे, आणि दर थांब्याला मोजणी. शेवटचं मूल आलं की त्याच्या विश्रांतीची वेळ सुरू. दांडगी पोरं कुरकुर करायची, करू द्यावी. ज्यांना धावायचंय त्यांची वेगळी तुकडी करा की!

नंतर म्होरक्याचा फोन आला होता. "काकू, तुम्ही सोपी वाट निवडायला हवी होती." पैसे घेताना हे बोलला नव्हता. असो.

तर भाचीबाई, जाणार आहे. यंदा दोन ग्रुपना फोन करून दोनच गोष्टी विचारल्या: सगळ्यांच्या मागे कोण चालणार, आणि मोजणी कोण करणार? एक म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका." दुसऱ्याने त्या मुलीचं नाव सांगितलं आणि तिचा नंबरही दिला. त्याच्याकडे पैसे भरलेत.