होडी तुम्हाला दिसते, जहाजाला दिसते का?

किनाऱ्यावरच्या गावांत शेतकरी कोण आणि होडीवाला कोण, हे वेगळे काढता येत नाही. आषाढात भाताची लावणी करणारा, फाल्गुनात आंबा उतरवणारा आणि दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पाहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवणारा माणूस बहुधा एकच असतो. म्हणून शेतीच्या पानावर आज होडीविषयी चार शब्द लिहितो आहे. विषय छोटा आहे, पण प्रश्न जिवाचा आहे.

शेतकरी बंधूंनो, रात्री रस्त्याने जाणाऱ्या ट्रॉलीच्या मागे आपण लाल रिफ्लेक्टर लावतो. मागून येणाऱ्या ट्रकचा उजेड त्यावर पडतो, परत फिरतो आणि ड्रायव्हरला ट्रॉली कळते. ट्रॉली केवढीही मोठी असो, अंधारात ती 'दिसली' नाही तर ती नसल्यासारखीच. समुद्रात हेच काम रडार रिफ्लेक्टर करतो. फरक एवढाच, की तिथे उजेडाऐवजी जहाजाच्या रडारच्या लहरी असतात.

फायबरची होडी रडारला का दिसत नाही?

रडार लहरी सोडते. त्या लोखंडी वस्तूवर आदळून परत येतात आणि जहाजावरच्या पडद्यावर ठिपका उमटतो. आपल्या सहलीच्या होड्या फायबरच्या किंवा लाकडाच्या. त्यातून लहरी बऱ्याचशा आरपार जातात. इंजिन लोखंडाचे खरे, पण ते लहान आणि पाण्यालगत. त्यातून समुद्र खवळलेला असेल तर लाटांचेही ठिपके उमटतात. ते कमी करण्यासाठी जहाजावरचा अधिकारी रडारचे बटण फिरवतो. लाटांबरोबर आपल्या होडीचा पुसट ठिपकाही पुसला जातो.

"पण जहाजावरचा माणूस डोळ्यांनी बघेल की!" असे कुणी म्हणेल. बघेल, पण लांबून. मोठ्या जहाजाच्या नाकासमोरचे पाणी वरच्या केबिनमधून दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ही न दिसणारी पट्टी ५०० मीटरपर्यंत असू शकते. ताशी २८ किलोमीटरने येणारे जहाज हे ५०० मीटर साधारण मिनिटभरात कापते. भरलेले जहाज ब्रेक मारून जागच्या जागी थांबत नाही, त्याला थांबायला मैल-दोन मैल लागतात. म्हणजे जहाजाने आपल्याला ओळखायचे ते पुष्कळ आधी, आणि धुक्यात किंवा अंधारात त्याचा मुख्य भरवसा रडारवर.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट लांबची राहिलेली नाही. जयगडचे बंदर २००९ पासून चालू आहे. अंजनवेलला २०१३ पासून गॅसची अजस्र जहाजे येतात. त्याच खाड्यांच्या तोंडाशी आपल्या होड्या फिरतात.

घडलेल्या गोष्टी

मार्च २०१२ मध्ये केरळात अलप्पुळाच्या किनाऱ्याजवळ 'प्रभुदया' या मालवाहू जहाजाच्या धडकेत मच्छीमार नौका बुडून पाच जण गेले. जून २०१७ मध्ये कोचीजवळ 'अंबर एल' जहाज नांगरलेल्या 'कारमेल माता' नौकेवर आदळले. एप्रिल २०२१ मध्ये मंगळूरजवळ चौदा जणांच्या नौकेला जहाजाची धडक बसली, दोघेच जिवंत हाती लागले. हौशी लोकांच्या बोटीही यातून सुटलेल्या नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये इंग्लंडजवळ 'ऊझो' नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीवरचे तिघे रात्री प्रवासी जहाजाच्या तडाख्यात सापडून दगावले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी आहेत आणि नुसत्या रिफ्लेक्टरने सगळे टळले असते असे मी म्हणत नाही. पण लहान नौका मोठ्या जहाजाला वेळेवर कळावी, ही गरज सगळीकडे तीच आहे.

कोणता घ्यावा, कसा लावावा?

साधा रिफ्लेक्टर म्हणजे ॲल्युमिनियमचे तीन सपाट पत्रे एकमेकांत काटकोनात बसवलेले. त्यातून आठ कप्पे तयार होतात. कप्प्यात शिरलेली लहर तीन भिंतींवर आपटून आली त्याच दिशेने परत जाते. त्याला बॅटरी लागत नाही, डिझेल लागत नाही. निवडताना चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, आकार. येथे थोडा फरक फार मोठा होतो. एक फुटाऐवजी दीड फुटाचा घेतला तर परावर्तन पाचपट होते, दोन फुटांचा घेतला तर सोळापट! म्हणून दोन पैसे वाचवायला लहान घेऊ नका. दीड फुटाच्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. काठीला बांधायच्या बारीक नळीसारख्या रिफ्लेक्टरच्या नादी लागू नका. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या चाचण्यांत त्या फारच कमी पडल्या.

दुसरी गोष्ट, लावायची तऱ्हा. पुष्कळ लोक तो टोकाला दोरी बांधून लटकवतात. ते चूक. एक कप्पा सरळ आभाळाकडे उघडा राहिला पाहिजे, पागोळीखाली ठेवलेल्या द्रोणासारखा. मग बाकीचे सहा कप्पे चहूकडे बघतात. सोबत आलेली दोरी कशीही असो, त्यात पाणी ओतले तर साचेल का, ही परीक्षा करा.

तिसरी गोष्ट, उंची. आंतरराष्ट्रीय मानकात पाण्यापासून चार मीटर, म्हणजे तेरा फूट धरले आहेत. होडीला छप्पर असेल तर त्याच्या सांगाड्याला पाईप पक्का करून वर लावा, तणावे द्या. होडी लहान असेल आणि डुलायला लागली तर उंची थोडी कमी करा, पण छपराखाली ठेवू नका.

चौथी गोष्ट, पत्रे सपाट आणि कोन काटकोनात हवेत. मुलांनी बसून चेपलेला रिफ्लेक्टर म्हणजे भंगार. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचा असेल तर गुण्या लावून तपासूनच ताब्यात घ्या.

काही जण म्हणतात, "कळशी टांगली की झाले." तसे होत नाही. गोल वस्तू लहर सगळीकडे उधळते. एक फूट रुंदीच्या कळशीचे परावर्तन सुमारे ०.०७ चौरस मीटर भरते. मानकात मागितले आहे ७.५ चौरस मीटर. म्हणजे शंभर कळशा टांगाव्या लागतील!

"आम्ही दिवसाच जातो"

हे उत्तर हमखास मिळते. मान्य. पण इंजिन बंद पडले आणि ओहोटी लागली, तर होडी खाडीबाहेर खेचली जाते. दिवस मावळतो. मग तुम्हाला शोधायला तटरक्षक दलाची नौका निघते, तीही रडार लावूनच. त्या वेळी होडीत दहा पाहुणे आहेत आणि पडद्यावर ठिपका नाही, याचा विचार करा. पौष-माघातल्या सकाळी खाडीवर धुके उतरते, तेव्हाही तीच गत.

एक बजावून सांगतो. रिफ्लेक्टर लावला म्हणजे जहाजाच्या वाटेत जायची मुभा मिळाली, असे नाही. अरुंद मार्गातून चाललेल्या मोठ्या जहाजाला लहान नौकेने अडवू नये, हा समुद्राचा नियमच आहे. दिवे, लाईफ जॅकेट आणि डोळ्यात तेल घालून बसलेला तांडेल, यांची जागा रिफ्लेक्टर घेत नाही. तो त्यांच्या जोडीला हवा.

सरपंच-ग्रामसेवकांना विनंती

'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारात १५० टनांखालच्या नौकांनीही शक्य तिथे रडार रिफ्लेक्टर बाळगावा असे म्हटले आहे. आपल्या होडीला ते कलम लागते की नाही, याचा कीस पाडत बसू नये. गाव स्वतः ठरवू शकते. ज्या गावात सहलीच्या होड्या चालतात, तिथल्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. होडीवाल्यांनी एकत्र मागणी नोंदवावी, म्हणजे भाव पाडून मिळेल. इंजिनाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी जेट्टीवर एक दिवस सगळ्या होड्या उभ्या करून बंदर खात्याच्या माणसासमोर तपासणी करावी: रिफ्लेक्टर आहे का, वर आहे का, आभाळाकडे कप्पा आहे का. नुसता ठराव लिहून दप्तरात ठेवला, तर तो रडारला दिसणार नाही!

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर झापांनी शाकारलेल्या असतात. पाईप बसवायला, भोके पाडायला, रंग द्यायला हीच वेळ बरी. आपण आंब्याच्या मोहोराला रोग यायची वाट न बघता फवारणी करतो. होडीचेही तसेच करा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होडी पाण्यात लोटाल, तेव्हा तिच्या काठीवर दीड फुटाचा हा पत्रा चढलेला असू द्या.