टोप कुणाच्या डोक्याला बसतो?

राजकुमार तांगडेंच्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकात शिवाजी महाराजांचे विचार पृथ्वीवरच राहतात आणि यम ते शोधत फिरतो. रिठदच्या माझ्यासारख्या मुसलमान विद्यार्थ्याला हा शोध आपला वाटतो.

2024च्या विधानसभा प्रचारात योगी आदित्यनाथ वाशिमला आले. ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा आमच्या जिल्ह्यात घुमली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता 4892 रुपये क्विंटल. बाजारात भाव त्याच्याही खाली. व्यापाऱ्याच्या काट्यानं कुणाचा धर्म विचारला नाही. कटले ते हिंदू-मुसलमान दोघंही.

म्हणून मत मागायला येणाऱ्याला विचारा: आमच्या सोयाबीनचा भाव का पडला? तो महाराजांचं नाव घेऊ लागला तर एवढंच विचारा: साहेब, हा टोप तुमच्या डोक्याला बसतो का?