अंड्यांना पोहता येत नाही

किती मासे पकडले, समुद्रात किती उरले असावेत आणि पुढच्या हंगामात किती पकडू द्यायचे, याचा हिशेब जगभर टनांत होतो. अंडी ज्या पाण्यात पडली ते पाणी किती तापले होते, याला त्यात क्वचितच जागा मिळते. अलास्काच्या आखातात २०१४ ते २०१६ या काळात सागरी उष्णतेची लाट ठाण मांडून बसली. तिथला पॅसिफिक कॉड तळाला चिकटून राहणारी अंडी हंगामात एकदाच घालतो आणि ती नीट उबायला साधारण ३ ते ६ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. पारा त्यापुढे चढला, की बाहेर येणाऱ्या पिल्लांची संख्या झपाट्याने घसरते. मोठा कॉड मात्र त्याहून उबदार पाण्यातही तग धरतो. २०१८चा कोटा सुमारे ८० टक्क्यांनी कापावा लागला आणि २०२० साली तिथल्या संघीय हद्दीतली कॉडची मासेमारी बंद राहिली. सगळा दोष अंड्यांचा नव्हता. गरम पाण्यात मोठ्या माशांची भूक वाढली आणि भक्ष्य आटले, हेही खरे. पण मेलेल्यांची जागा घ्यायला नवी पिढीच आली नाही, म्हणून घाव खोल गेला.

मिलिमीटरभर अंड्यातल्या जिवाला कल्ले नसतात; कवचातून झिरपेल तेवढ्याच प्राणवायूवर त्याला भागवावे लागते. पाणी तापले की त्याची गरज वाढते आणि पाण्यातला प्राणवायू मात्र कमी होतो. ६९४ जातींच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२० साली ‘सायन्स’मध्ये आला. त्यानुसार प्रजननाला आलेले मासे आणि अंड्यांतले भ्रूण यांचीच उष्णता सोसण्याची ताकद सर्वांत तोकडी असते. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तर सुमारे १० टक्के जाती धोक्यात येतात. ती पाच अंशांपर्यंत गेली तर ६० टक्क्यांपर्यंत.

कोमट पाण्यात अंडी लवकर फुटतात, मग बिघडले कुठे, असे कुणी विचारेल. लवकर फुटतात हे खरेच. पण मर्यादेबाहेरच्या उष्णतेत बलक जगण्यातच खर्ची पडतो, पिल्लू लहान निघते आणि त्याला लागणारे प्लवंग तेव्हा तयार असतीलच असे नाही. मासे थंड पाण्याकडे सरकतील, ही दुसरी आशा. मोठे सरकतीलही; पण अंड्यांना योग्य तळ, योग्य प्रवाह आणि पिल्लांना जवळ अन्न लागते. हे सगळे उत्तरेला आयते मांडून ठेवलेले नाही.

आपल्याकडची पावसाळी मासेमारीबंदी खवळलेल्या समुद्राइतकीच प्रजननासाठीही आहे, पण ती ठरलेल्या तारखांनी चालते. अरबी समुद्र तापतो आहे, आणि उष्ण कटिबंधातले मासे आधीच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाजवळ जगतात. गाभोळी धरण्याचा काळ पुढेमागे झाला, तर तारखा त्याच्यामागे जाणार नाहीत. तापमान मोजण्याची सोय नाही, ही सबब इथे चालत नाही. मासे कुठे सापडतील याचा सल्ला हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सागरी माहिती देणारी संस्था मच्छीमारांना देते, तो उपग्रहांनी टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावरही आधारलेला असतो. तळाच्या पाण्यासाठी वेगळी मोजणी लागेल. तेवढा खर्च करावा. आणि मासा शोधायला वापरतो ते आकडे बंदीच्या तारखा ठरवणाऱ्यांच्या टेबलावरही दरवर्षी यावेत.