शेजारच्या उद्यानाच्या भरवशावर हॉटेल वाढवताना

वऱ्हाडात पर्यटनाचा बोलबाला वाढला आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. चिखलदऱ्याच्या काचेच्या स्कायवॉकची चर्चा तर चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली आहे. अशी हवा निर्माण झाली की लॉज आणि हॉटेलांचे मालक खोल्या वाढवण्याचा हिशेब मांडू लागतात. शेजारी एखादे उद्यान किंवा करमणुकीचे स्थळ उभे राहते आहे, तेव्हा गिऱ्हाईक आपोआप येईल, असा त्यांचा भरवसा असतो.

आमचा धंदा कापडाचा. खोल्या वाढल्या की चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, पडदे आणि नोकरांचे गणवेश यांची मागणी आमच्याकडे येते. शिंपी, सुतार, वेल्डर, गादीवाले, भाजी आणि फळांचे व्यापारी या सर्वांना काम मिळते. पण मागणीबरोबर उधारीही येते. म्हणून हॉटेल आणि उद्यान यांची सांगड नीट बसली की नाही, हा प्रश्न एकट्या हॉटेलमालकाचा नाही. आमचे भांडवल परत येणार की अडकणार, हे त्यावर ठरते.

महाराष्ट्रात या बाबतीत सर्वात मोठा धडा खोपोलीचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका हे करमणूक उद्यान सुरू झाले. पुढच्या वर्षी शेजारीच पाण्याचे उद्यान आले. त्यानंतर २०१५ मध्ये नोव्होटेल हॉटेल उघडले, तेही पहिल्या टप्प्यात ११६ खोल्यांचे. पुढे विस्तार होऊन खोल्या २८७ झाल्या.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. उद्यान पाहणारा माणूस सकाळी येतो आणि संध्याकाळी घरी जातो. तो मुक्काम करील कशासाठी? त्याला दुसऱ्या दिवशीही पाहण्यासारखे काही असेल तरच. खोपोलीत दुसरे उद्यान आधी आले आणि हॉटेल नंतर. म्हणजे हॉटेलची रात्र ही दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमातून जन्माला येते. आपल्याकडे अनेक मालक आधी खोल्या बांधतात आणि मग रात्रीचे गिऱ्हाईक शोधत बसतात.

पण क्रम बरोबर असूनही खोपोलीचा हिशेब सुखाचा झाला नाही. हा सारा डोलारा मोठ्या कर्जावर उभा होता. उद्यानात गर्दी होते ती शनिवारी, रविवारी आणि सुट्ट्यांत. कर्जाचे हप्ते मात्र सोमवारी आणि मंगळवारीही चालूच असतात. त्यात २०२० मध्ये कोरोनामुळे दरवाजे बंद झाले. अखेर २०२२ मध्ये कंपनीची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. उद्यान आजही चालते आहे, पण ज्यांनी ते उभारले त्यांच्या हातातून ते गेले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर दहा खोल्यांचा लॉज वीस खोल्यांचा करणाऱ्याने किती सावध असावे, हे सांगणे न लगे.

आता घराजवळचे उदाहरण पाहू. अकोल्याहून रेल्वेने तासाभरात शेगाव येते. तेथे श्री गजानन महाराज संस्थानने आनंद सागर हे दोनशे एकरांहून मोठे उद्यान उभारले. भाविकांसाठी निवास, मंदिर आणि उद्यान यांची एकाच व्यवस्थेत सांगड घालून संस्थानने प्रवाशाची सोय केली. पुढे काही वर्षे आनंद सागर बंद राहिले. तरीही शेगावला येणारा भाविक येतच राहिला, कारण त्याच्या येण्याचे मूळ कारण मंदिर होते. धंद्याच्या दृष्टीने यातील अर्थ साधा आहे. ज्या निवासाला उद्यानाशिवाय दुसरा आधार असतो, ते उद्यान बंद पडले तरी टिकते. ज्याचा एकच पाय आहे, ते हॉटेल उद्यानाबरोबर कोसळते.

चिखलदऱ्याकडे याच नजरेने पाहावे. सिडकोने तेथे ४०७ मीटर लांबीच्या स्कायवॉकचे काम हाती घेतले, पण मेळघाटच्या जंगलामुळे परवानग्यांत ते बराच काळ अडकले. ज्याने उद्घाटनाच्या तारखेवर भरवसा ठेवून खोल्या बांधल्या असतील, त्याचे हप्ते स्कायवॉकसाठी थांबले नसतील. शिवाय तेथील खरा हंगाम पावसाळ्याचा आणि सुट्ट्यांचा. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. खोल्या दुप्पट केल्या तर पाणी कोठून आणणार आणि चादरी कोठे धुणार, हे आधी ठरवावे लागते.

धुण्याची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आमच्या धंद्यात तीच महत्त्वाची. हॉटेलात प्रत्येक पलंगामागे चादरींचे किमान तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुलाईला, एक कपाटात. खोलीमागे एक पलंग धरला तरी ११६ खोल्यांना ३४८ संच आणि २८७ खोल्यांना ८६१ संच होतात. डोंगरावर पावसाळ्यात कापड वाळत नाही. तेथे तीन संच पुरत नाहीत, चार लागतात. मालकाने हा खर्च धरला आहे की नाही, हे विचारले तरी त्याचा सारा हिशेब कळतो.

तेव्हा हॉटेलमालकांनी तीन गोष्टी पाळाव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, विस्तार टप्प्याने करावा. आधीच्या खोल्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत निम्म्याहून जास्त भरत नसतील, तर नव्या बांधू नयेत. दुसरी, उद्यानाशी लेखी करार करावा. मुक्काम आणि प्रवेश यांचे एकच तिकीट, स्टेशन किंवा बसस्थानकापासून एकच गाडी, तिकिटातील वाटा किती, आणि उद्यान बंद राहिले तर प्रवाशाचे पैसे कोणी परत करायचे, हे कागदावर असावे. तोंडी दोस्तीवर असा कारोबार चालत नाही. तिसरी, हॉटेलला स्वतःचा दुसरा पाय असावा. लग्नकार्य, कंपन्यांच्या बैठका, शाळांच्या सहली, रस्त्यावरच्या प्रवाशांसाठी चांगले जेवण, यांपैकी काही ना काही हवेच.

आता आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांविषयी. मोठी हॉटेले सोलापूरचे टॉवेल आणि इचलकरंजीच्या चादरी थेट मागवतात. अमरावती-अकोल्याच्या बाजारातून त्यांनी माल घ्यावा असे वाटत असेल, तर एकसारखा माप-दर्जा, पक्के बिल आणि ठरलेल्या दिवशी माल, हे द्यावेच लागेल. दहा शिंप्यांनी मिळून एक मोठे काम घ्यावे. अकोटच्या सतरंज्यांचे एकेकाळी नाव होते. तशी वऱ्हाडी वस्तू खोलीत अंथरलेली आणि बाहेर विक्रीला ठेवलेली असेल, तर प्रवासीही खूश आणि कारागीरही.

उधारीच्या बाबतीत मात्र कायदा माहीत असू द्यावा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. माल तयार करणाऱ्या किंवा शिवून देणाऱ्या कारागिराला हे संरक्षण मिळते. आमच्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला मिळत नाही. व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण ती बँकेच्या कर्जापुरतीच उपयोगी आहे. म्हणून शिंपी, सुतार, वेल्डर यांनी नोंदणी करण्यात आळस करू नये. आणि व्यापाऱ्याने बयाणा घेतल्याशिवाय माल सोडू नये. मालकाचा विस्तार टप्प्याने, तर आमचा मालही टप्प्याने. पहिल्या टप्प्याचे पैसे आले की दुसरा गठ्ठा बांधावा.

उद्याने येवोत, हॉटेले वाढोत, वऱ्हाडात रोजगार येवो. त्यात आमचाही फायदा आहे. पण ज्या झोपाळ्यांचा पाया अजून भरला गेला नाही, त्यांच्या भरवशावर आमच्या दुकानातली ठाणे उधार जाऊ नयेत.