बेतात दोन दिवस रिकामे ठेवा

28 एप्रिल 2025. दुपारचे 12 वाजून 33 मिनिटं झाली होती आणि स्पेन, पोर्तुगालमधली वीज एकदम गेली. वेगवान गाड्या माळरानात उभ्या राहिल्या, मेट्रोच्या बोगद्यांतून लोकांना अंधारात चालत बाहेर यावं लागलं, रस्त्यांवरचे सिग्नल विझले, एटीएम आणि कार्डाची यंत्रं बंद पडली. पुढे पुढे मोबाइलचं नेटवर्कही गेलं. ठिकठिकाणच्या रेल्वेगाड्यांत अडकलेल्या सुमारे 35 हजार प्रवाशांची त्या दिवशी सुटका करावी लागली. काही ठिकाणी रुळांजवळच्या गावांतली माणसं पाणी आणि खाणं घेऊन गाडीपर्यंत आली. माद्रिदच्या आतोचा आणि बार्सिलोनाच्या सांत्स स्थानकांवर कित्येकांनी फरशीवर पथारी पसरली. बहुतेक भागांत वीज परतली ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

पाठीवर सॅक घेऊन एकट्याने फिरणाऱ्याची पंचाईत अशा वेळी वेगळी असते. तिकीट फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, हॉस्टेलचा पत्ता फोनमध्ये, पैसेही फोनमध्येच. कुटुंबातली माणसं निदान पाळीपाळीने रांगेत उभी राहतात, एकजण सामानापाशी थांबतो. एकट्याला पाण्याची बाटली आणायची तरी सगळं बिऱ्हाड उचलून न्यावं लागतं. त्या दुपारी दुकानदार रोख पैसेच घेत होते. म्हणजे खिशातल्या पाच-दहा युरोच्या नोटा आणि कागदावर लिहिलेला पत्ता एवढ्या दोन गोष्टींवर माणसाचा दिवस निभावत होता.

एवढं मोठं संकट क्वचितच येतं. लहान खोळंबे मात्र इटली, ग्रीस, स्पेन, पोर्तुगालच्या प्रवासात नेहमीचे आहेत, आणि मराठी प्रवासी त्यांत जास्त अडकतो तो बेताच्या घट्टपणामुळे. हा घट्टपणा येतो शेंगेन व्हिसाच्या अर्जातून. तारीखवार कार्यक्रम, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा, परतीचं आरक्षण, 30,000 युरोंचा विमा असं सगळं जोडावं लागतं. कागद नीटनेटके दिसावेत म्हणून रोम दोन रात्री, फ्लोरेन्स एक, व्हेनिस एक, मग विमानाने अथेन्स असं कोष्टक तयार होतं. अधिकाऱ्याचं समाधान व्हावं म्हणून केलेलं हे कोष्टकच पुढे जसंच्या तसं प्रवासाचा बेत बनतं, आणि त्यात श्वास घ्यायला एक दुपारही उरत नाही. कंडक्टेड टूरमध्ये असं कोष्टक चालतं, कारण गाडी रद्द झाली तर फोनाफोनी करायला टूर लीडर असतो. पुण्या-मुंबईहून, नाशिकहून एकट्याने निघालेल्या मुलामुलींना ही सगळी कामं स्वतःच करायची असतात.

इटलीतल्या संपांचंच घ्या. इथे संपाची आगाऊ सूचना द्यावी लागते. 1990 च्या 146 क्रमांकाच्या कायद्याने वाहतुकीसारख्या अत्यावश्यक सेवांमध्ये किमान 10 दिवस आधी सूचना देणं बंधनकारक केलं आहे, आणि वाहतूक मंत्रालय येऊ घातलेल्या संपांची यादी आपल्या संकेतस्थळावर लावतं. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. लांब पल्ल्याच्या कोणत्या गाड्या हमखास धावणार, त्याचीही यादी असते. त्यामुळे शुक्रवारी संप आहे हे ज्याला सोमवारी कळलं, तो पहाटे उठून सातची गाडी धरतो. ज्याला स्थानकावरच्या फलकावर कळलं, त्याचा दिवस जातो. अपवाद घडतात. 3 ऑक्टोबर 2025 चा सार्वत्रिक संप पूर्वसूचनेविना झाला. संपांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने तो नियमबाह्य ठरवला, तरी गाड्या रद्द व्हायच्या त्या झाल्याच. पण एरवी निघण्याच्या आधी आठवडाभर ती यादी रोज पाहणं एवढंच काम आहे, आणि ते न करणं हा निव्वळ आळस आहे. विमानाने फिरणाऱ्यांसाठी आणखी एक सोय: 27 जुलै ते 5 सप्टेंबर या काळात इटलीत हवाई वाहतुकीत संप करता येत नाही.

रेल्वेला उशीर झाला तर पैसे परत मागता येतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. 2023 च्या जूनपासून लागू असलेल्या युरोपीय नियमांनुसार 60 ते 119 मिनिटांच्या उशिराला तिकिटाची 25 टक्के आणि त्याहून जास्त उशिराला 50 टक्के रक्कम मिळते. अतितीव्र हवामानासारख्या काही कारणांना मात्र यातून सूट आहे.

ग्रीसमध्ये वाऱ्याशी गाठ असते. कोकणातल्या माणसाला हे चटकन समजेल: पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होते, आणि ती का बंद आहे ते आभाळाकडे पाहूनच कळतं. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून वाहणारा मेल्तेमी वारा आभाळ निरभ्र असताना सुटतो. खाली लख्ख ऊन, निळं पाणी, आणि पिरेअस बंदरात बोटी नांगरलेल्या. वाऱ्याचा जोर बोफर्ट मापावर साधारण 8 ला पोचला की तटरक्षक दल बोटी सोडायला मनाई करतं. जलद कॅटामरान तर त्याआधीच थांबतात. अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. हॉटेलचा खर्च मात्र पदरचा. एरवी बोट रद्द झाली तर कंपनीने तीन रात्रींपर्यंत, दर रात्री 80 युरोंच्या मर्यादेत, मुक्कामाचा खर्च सोसायचा असतो. हवामानामुळे बोट चालवणं धोक्याचं असेल तर ही जबाबदारी उरत नाही. सँटोरिनीहून सकाळची बोट आणि त्याच संध्याकाळी अथेन्सहून मुंबईचं विमान, असा बेत म्हणूनच उन्हाळ्यात कुणीही करू नये. ग्रीसमध्ये संपही असतात. तेंपी इथल्या रेल्वे अपघातात 57 जणांचा जीव गेला, त्याच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, 28 फेब्रुवारी 2025 रोजी, अख्ख्या देशात बोटी, गाड्या आणि विमानं 24 तास थांबली होती. त्या दिवशी अडकलेल्या पाहुण्यांनी त्यामागचा लोकांचा संताप समजून घ्यायला हवा होता. तो रास्त होता.

हे झालं पैशांचं आणि वेळेचं नुकसान. उन्हाची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे जीव जातो. जून 2024 च्या उष्णतेच्या लाटेत ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्रालयाने अक्रोपोलिस दुपारी 12 ते 5 बंद ठेवलं होतं. त्याच महिन्यात सिमी बेटावर विज्ञान आणि आरोग्यावरच्या कार्यक्रमांमुळे प्रसिद्ध असलेले ब्रिटिश सादरकर्ते मायकेल मोस्ली 5 तारखेला दुपारी समुद्रकिनाऱ्यावरून एकटेच पायी निघाले. फोन जवळ नव्हता. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. ते 67 वर्षांचे होते. त्या जूनमध्ये ग्रीसच्या बेटांवर एकटे चालायला गेलेले आणखीही काही पर्यटक दगावले. विदर्भ-मराठवाड्यातला माणूस म्हणेल, चाळिशीचं ऊन आम्हाला नवं नाही. खरं आहे, पण तो घरी भर दुपारी बाराला सावली नसलेल्या डोंगरावर चढत नाही. प्रवासात चढतो, कारण कोष्टकात ते लिहिलेलं असतं आणि उद्या गाव सोडायचं असतं. हाताशी एक रिकामा दिवस असला की तीच चढण दुसऱ्या पहाटे चढता येते. निघताना हॉस्टेलच्या काउंटरवर कुठे जातोय आणि किती वाजता परतणार हे सांगून जावं. 112 हा आपत्कालीन क्रमांक सगळ्या युरोपीय संघात फुकट लागतो.

विमानाचं तिकीट स्वस्त पडतं म्हणून दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडणारे फार आहेत. पहिलं विमान चुकलं की दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नसतं. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. शिवाय स्वस्त विमानं उतरतात कुठे तेही पाहावं: बेर्गामो मिलानपासून सुमारे 50 किलोमीटर, जिरोना बार्सिलोनापासून जवळजवळ 90. याउलट एकाच तिकिटावर असाल तर कायदा भक्कम आहे. 2004 चा 261 क्रमांकाचा युरोपीय नियम युरोपीय संघातून उडणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू होतो, कंपनी कुठलीही असो आणि पासपोर्ट कुठलाही. म्हणजे रोमहून मुंबईला येणारं भारतीय किंवा आखाती कंपनीचं विमानही त्यात येतं. मुंबईहून जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. विमान ऐनवेळी रद्द झालं आणि दोष कंपनीचा असला तर साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांब प्रवासाला 600 युरोंपर्यंत भरपाई आहे. दोष कुणाचाच नसला तरी जेवण आणि रात्रीच्या हॉटेलची सोय कंपनीनेच करायची असते. 2010 च्या आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या वेळी अडकलेल्या एका प्रवाशाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2013 मध्ये हे स्पष्टच सांगितलं. काउंटरवर कुणी हात झटकले तर भांडत बसू नये. जेवणाची, खोलीची, टॅक्सीची पावती जपून ठेवावी आणि नंतर लेखी मागणी करावी.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. रोम, माद्रिद, लिस्बन आणि अथेन्समध्ये दूतावास आहेत, मिलानमध्ये वाणिज्य दूतावास. तातडीचं प्रमाणपत्र मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं. पासपोर्टाबरोबर व्हिसाही गेलेला असतो, तेव्हा सहल तिथेच संपते. म्हणून पासपोर्ट, औषधं आणि रोख पैसे मोठ्या सॅकमध्ये नकोतच. अंगावरच्या लहान पिशवीत असावेत, झोपतानासुद्धा.

राहिला मुद्दा दिवसांचा. व्हिसाच्या स्टिकरवरच्या 'पासून-पर्यंत' तारखा पाहून लोक निर्धास्त राहतात. एका प्रवेशाच्या व्हिसात त्या तारखांत 15 दिवसांची सवड धरलेली असते, पण राहण्याचे दिवस म्हणून जो आकडा छापलेला असतो, तोच मोजला जातो. तो 12 असेल तर तेराव्या दिवशी तुम्ही बेकायदा. हाताबाहेरच्या कारणाने अडकलात तर मुदत संपण्याआधी स्थानिक अधिकाऱ्यांकडे जाऊन ती वाढवून मागता येते, आणि अशा कारणासाठी त्याचं शुल्क लागत नाही. पण परक्या भाषेत, एकट्याने, कागद घेऊन त्या कार्यालयाची पायरी चढण्याची वेळ येऊ न देणं जास्त सोपं आहे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पुढच्या उन्हाळ्यात जे कुणी एकट्याने निघणार आहेत त्यांनी त्या अर्जात बेतापेक्षा दोन दिवस जास्त मागावेत, त्या दिवसांचं राहणं आणि खर्च कागदावर दाखवावा, आणि परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र, काहीही झालं तरी, विमान जिथून उडणार त्याच शहरात काढावी.