पुस्तक कपाटात आहे, पण यादीत सापडत नाही

एखादा विद्यार्थी ग्रंथालयातील संगणकावर ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ असे टाइप करतो. पडद्यावर उत्तर येते, ‘नोंद आढळली नाही’. तो हिरमुसून निघून जातो. बाबासाहेबांचा तो निबंध मात्र त्याच ग्रंथालयाच्या कपाटात असतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालिकेच्या तिसऱ्या खंडात तो छापलेला आहे. त्याच खंडात प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरील लेखनही आहे. पण यादीत मालिकेचे नाव आणि ‘खंड ३’ एवढेच लिहिलेले असेल, तर आत काय आहे हे संगणकाला कळणार कसे?

आज अनेक ग्रंथालयांत संगणकीकरण सुरू आहे. बऱ्याचदा याचा अर्थ जुन्या दाखल नोंदवहीतील मजकूर जसाच्या तसा संगणकात उतरवणे एवढाच होतो. वहीतल्या उणिवाही सोबत येतात. म्हणून हा विषय केवळ ग्रंथपालांचा नाही, आपल्या चळवळीचाही आहे, असे आम्हाला वाटते. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या हाती आता पुस्तके आली आहेत. ती सापडलीच नाहीत, तर असून नसल्यासारखीच.

अडचणी नेमक्या कोणत्या आहेत ते पाहू. पहिली अडचण नावांची. सूचीत लेखक ‘आंबेडकर, भीमराव रामजी’ असा असतो. वाचक ‘बाबासाहेब’ लिहितो, कोणी ‘अंबेडकर’ लिहितो, कोणी रोमन लिपीत शोधतो. ‘अण्णा भाऊ’ आणि ‘अण्णाभाऊ’ यांत फक्त एका मोकळ्या जागेचा फरक आहे, पण साध्या शोधयंत्रासाठी ते दोन वेगळे लेखक ठरू शकतात. चांगल्या सूचीत एका व्यक्तीची सर्व नावे एकमेकांना जोडलेली असतात. कोणतेही नाव टाका, सगळी पुस्तके समोर येतात. दुसरी अडचण टंकाची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या नोंदी आजच्या मराठी कळफलकावरून शोधता येत नाहीत.

तिसरी अडचण विषयाची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. ड्युई दशांश वर्गीकरणात बौद्ध धम्माला २९४.३ आणि हिंदू धर्माला २९४.५ असे स्वतंत्र क्रमांक आहेत. तरीही धम्मावरच्या ग्रंथापुढे विषय म्हणून नुसते ‘धर्म’ लिहिले, किंवा दलित आत्मकथनापुढे नुसते ‘चरित्र’, तर धम्मक्रांती, जातिअंत, स्त्रीमुक्ती यांचा अभ्यास करणाऱ्याला ते पुस्तक दिसणारच नाही. आपल्या लेखनाला कोणत्या नावाने ओळखायचे, हे सूची ठरवत असते.

हे बदलता येते. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये एका विषयशीर्षकाला आक्षेप घेतला. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सूचीत ‘इल्लीगल एलियन्स’ हा शब्द वापरला जात होता. विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांना सोबत घेऊन रीतसर प्रस्ताव दिला. २०१६ मध्ये बदल जाहीर झाला, पण अमेरिकी संसदेतून विरोध झाल्याने तो रखडला. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते शीर्षक हटवण्यात आले. सात वर्षे लागली, पण सुरुवात विद्यार्थ्यांनी केली होती.

आपल्याकडे साधनांची अडचण तशी कमी आहे. ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ती न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ मध्ये तयार झाली. कोहा हा माओरी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ भेट किंवा दान असा होतो. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणालीही उपलब्ध आहे. दोन्हींत देवनागरीत नोंदी करता येतात. कमी आहे ती नोंद नीट करणाऱ्या हातांची.

विशेषतः आपल्या पुस्तिकांसाठी हे हात लागणार आहेत. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दरवर्षी पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे मिळणाऱ्या कितीतरी छोट्या पुस्तिकांवर आयएसबीएन क्रमांक नसतो. क्रमांक असलेल्या पुस्तकाची तयार नोंद दुसऱ्या ग्रंथालयातून उतरवून घेता येते. क्रमांक नसेल तर कोणीतरी पुस्तिका हातात घेऊन, चाळून, नोंद लिहावी लागते. ते झाले नाही तर पन्नास वर्षांनी आपल्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याला ती पुस्तिका कधी निघाली होती, हेही कळणार नाही.

म्हणून आमचे युवकांना आवाहन आहे. आपल्या वस्तीतील विहाराच्या किंवा अभ्यासिकेच्या कपाटापासून सुरुवात करा. साधी एक्सेल फाइल पुरेशी आहे. ग्रंथाचे नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, लेखकाची प्रचलित नावे, प्रकाशक, वर्ष, विषय आणि आतील प्रकरणांची यादी, एवढे रकाने ठेवा. प्रकरणांचा रकाना सोडू नका. वर सांगितलेल्या विद्यार्थ्याला त्याच रकान्यामुळे निबंध सापडला असता. ही फाइल उद्या कोहामध्ये चढवता येते. सार्वजनिक ग्रंथालयात एखादे पुस्तक सापडले नाही, तर लेखी सूचना द्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना जनतेच्या पैशातून अनुदान मिळते, त्यामुळे सुधारणा मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. नोकरी सांभाळून, रात्री अभ्यासिकेत बसून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींकडे वेळच सर्वांत कमी असतो. बाबासाहेबांनी राजगृह बांधताना आपल्या ग्रंथांचा विचार आधी केला होता. आपण निदान त्यांचे ग्रंथ शोधणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये.

जय भीम!